सव्वा मापाचा पियानो

आष्टा, ११ सप्टेंबर १९७४

प्रिय नाथाजी,

म्हशीसकट सगळे खुशाल आहोत, तसेच तुम्ही असाल असे धरून चालतो. हे पत्र एकट्यानं वाच आणि वाचून झालं की इंजिनाच्या भट्टीत टाक. तू माझा सख्खा मेहुणा आहेस हे मी विसरतो, तू तुझ्या आक्काचा सख्खा भाऊ आहेस हे तू विसर. तिला यातलं अक्षर कळता कामा नये.

ओइवा रांताकारी तुला माहीत आहे. दर दिवाळीला त्याच्या पाकिटावरची फिनलंडची तिकिटं तूच कापून नेतोस. सत्तावन साली आम्ही दोघं गाझात युनोच्या फौजेत होतो. तिथल्या कॅन्टीनमध्ये एक पियानो होता. त्यावर कुणी बाटल्या ठेवू नयेत म्हणून माझी ड्यूटी लावली होती. ओइवा तेव्हा चोवीस वर्षांचा शिपाई. रोज येऊन वाजवायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा त्यातला बिघाड शोधतोय. चौथ्या दिवशी माझे डोळे का भरून आले ते मला अजून सांगता येत नाही. त्यानं ते बघितलं आणि मला शेजारी बसवलं. अकरा दिवस शिकवलं. बाराव्या दिवशी त्यांची तुकडी मायदेशी गेली.

त्यानंतर गेली सतरा वर्षं तो मला पत्रानं पियानो शिकवतोय. तुम्हाला सगळ्यांना वाटतं, तो तिकडच्या थंडीबद्दल लिहितो. थंडीबद्दल दोन ओळी असतात, बाकी धडा. सध्या एकशे चारावा चालू आहे.

आता भट्टीत टाकण्याची गोष्ट. पहिल्याच पत्रात त्यानं विचारलं होतं, तुझ्याकडे पियानो आहे ना? मी लिहिलं, येस सर. पदरचं तिकीट लावून शिकवणाऱ्या माणसाला पहिल्या पत्रात नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या पत्रात विचारलं, सूर लावून घेतलास का? येस सर. तिसऱ्यात विचारलं, आवाज कसा आहे? आता मागे फिरायची सोय कुठं होती?

खोटं एवढंच. मेहनत खरी आहे. गाझातून निघताना मी त्या पियानोच्या पट्टीचं माप खाकी नाडीवर पेन्सिलीनं उतरवून आणलं होतं. त्या मापानं आपल्या केरबा सुतारानं मला एक लांब फळी करून दिली. तिच्यावर पांढऱ्या-काळ्या पट्ट्या रंगवल्या आहेत. वैरणीच्या छपरात सतरा वर्षं, रोज सकाळी धारा काढल्यावर एक तास, मी ती वाजवतो. आवाज येत नाही. तो मनात धरावा लागतो.

आता ओइवा जानेवारीत मुंबईला तिथल्या मुलांना शिकवायला येणार आहे आणि तिथून आष्ट्याला. लिहितो, 'माझे दोनशे विद्यार्थी झाले. सांगितलेलं सगळं करणारा एकच आहे. मला त्याचा पियानो ऐकायचा आहे.'

नाथाजी, ऐकायचा आहे! बघायचा असता तर फळी लांबून दाखवली असती.

तुझी आक्का मला सुभेदार म्हणते, गाव मला उसाला पाणी पाजणारा म्हणतं. विद्यार्थी म्हणणारा जगात हा एकच माणूस आहे. त्याच्यापुढे मी खोटारडा ठरलो तर कुठं तोंड लपवू? लोणंदला रेल्वेचे जुने साहेब लोक होते. एखादा पियानो मागे राहिला असेल. शोध.

तुझा,
आकाराम ढोले

---

लोणंद, १७ सप्टेंबर १९७४

ती. दाजींना नाथाजीचा मालधक्क्यावरून वाकून नमस्कार.

पत्र भट्टीत टाकलं नाही. असलं पत्र रेल्वेच्या नोकरीत एकदाच येतं. आमच्या पार्सलबाबूला वाचून दाखवलं, तो अजून बाकावर आडवा आहे.

म्हणजे गेल्या दिवाळीला पंगतीत तुम्ही ताटाच्या कडेवर बोटं नाचवत होता, ती पियानोची होती? वाढताना आमच्या हिला वाटलं, तुम्हाला भात हवाय. तिनं तीनदा वाढला आणि तुम्ही तीनदा खाल्लात. आणि बोटांत वारं शिरलंय म्हणून आक्का तुम्हाला आटपाडीच्या देवरुश्याकडं घेऊन गेली होती, त्यानं मोरपिसानं झोडपलं, तेव्हाही तुम्ही बोलला नाहीत! धन्य.

दाजी, तुमच्यापुढे बोलू नये, पण सरळ कळवून टाका की पियानोला वाळवी लागली. नाहीतर म्हैस बसली त्यावर. तो लांबचा माणूस, म्हशीबद्दल त्याला काय कळणार? आणि मला एक सांगा, एवढा मोठा कलावंत तुम्हाला का शिकवतो? त्याला तिकडं कामधंदा नाही का?

पियानो शोधतो. सापडेल असं वाटत नाही.

आपला,
नाथाजी शेळके

---

आष्टा, २९ सप्टेंबर १९७४

नाथाजी,

वाळवीची कल्पना तुझ्याजवळच ठेव. एक खोटं झाकायला मी दुसरं लिहिणार नाही, आणि म्हशीवर आळ तर मुळीच घेणार नाही. मी तिच्या पाठीवर धडा एकसष्ट बसवला आहे. तेव्हापासून ती लवकर पान्हवते.

कामधंद्याचं विचारतोस म्हणून सांगतो. ओइवाचा बाप लाकडाच्या वखारीत कामाला होता. घरी पियानो नव्हता, चर्चमधला पियानो झाडून देण्याच्या बोलीवर त्याला वाजवायला मिळायचा. गाझाहून परत गेल्यावर तो हेलसिंकीच्या मोठ्या संगीतशाळेत शिकला. एकसष्ट साली पहिला जलसा केला. मला पेपरचं कात्रण पाठवलं. भाषा कळत नाही, पण फोटोत लोक उभे आहेत आणि तो वाकला आहे, म्हणजे चांगलंच झालं असणार. पुढं व्हिएन्ना, लेनिनग्राड, पॅरिस. शिक्षक म्हणून तर त्याचा असा धाक आहे की एका मुलीला त्यानं महिनाभर नुसतं खुर्चीवर बसायला शिकवलं. मलाही धडा सातमध्ये तेच होतं. मी महिनाभर पोत्यावर बसलो.

सत्तर सालापासून मात्र तो स्वतःच्या जलशांबद्दल एक अवाक्षर लिहीत नाही. नुसते धडे. खरी मोठी माणसं अशीच. नाहीतर आपल्याकडे सोसायटीचा चेअरमन झाला तरी वाजंत्री लावतात.

तू पियानो शोध. 'वाटत नाही' हे शब्द फौजेत चालत नाहीत.

आकाराम

---

लोणंद, २० नोव्हेंबर १९७४

ती. दाजींना नमस्कार, आणि आधी बसून घ्या.

सापडला! आमच्या स्टेशनमागं मिसेस डिक्रूझ राहतात. त्यांचे यजमान इंजिन ड्रायव्हर होते, वारून नऊ वर्षं झाली. त्यांच्या व्हरांड्यात पियानो आहे. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे नाताळाचा केक खायला जातो आणि ते कपाट आहे असं समजत होतो, कारण त्यावर कांदे पसरलेले असायचे.

बाई आधी देईनात. मी म्हणालो, आमचे दाजी सतरा वर्षं मुक्यानं रियाज करतायत. त्यांचे डोळे भरले. कांद्यानंही असेल, पण त्यांनी हो म्हटलं. ईस्टरपर्यंत ठेवा म्हणाल्या, आणि एकही दात न पाडता परत आणा. ते पांढरे-काळे दात मी मोजून घेतलेत, पंच्याऐंशी आहेत.

इकडे लवकर निघणाऱ्या हळव्या कांद्याचा बाजार जोरात आहे. अर्जुना ड्रायव्हरचा ट्रक सांगलीला कांदा घेऊन निघतोय, तो वाट वाकडी करून आष्ट्याला उतरवून देईल. दचके बसू नयेत म्हणून पियानो कांद्यांच्या पोत्यांत पुरला आहे. जपून उकरा. वास दोन-चार दिवसांत जाईल.

आतून तो थोडा खोकतो. तेवढं चालवून घ्या.

नाथाजी

---

आष्टा, ६ डिसेंबर १९७४

नाथाजी,

काय सांगू आणि कसं सांगू.

ट्रक पेठेतून आला तेव्हा अर्ध्या गावानं ओळखलं की सुभेदाराच्या घरी काहीतरी मोठं आलं. काहींना वाटलं मळणीयंत्र. उतरवायला अठरा माणसं लागली. तुझी आक्का दारात उभी. म्हणाली, "आवं, ह्ये काय हाय?" मी म्हणालो, "पियानो." ती म्हणाली, "कुनाचा?" मी म्हणालो, "मिसेस डिक्रूझचा." त्यानंतरचा अर्धा तास मी पत्रात लिहीत नाही. शेवटी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी वारं न्हवतं तर. आनि मी सतरा वर्सं मंगळवार धरले." मग उठून हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. नव्या यंत्राला लावतात तशी पाच बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर उमटवली, हार घातला आणि पायाशी नारळ फोडला. नानासो पुढारी तिथंच होते. त्यांनी जाहीर केलं की अकरा जानेवारीला परदेशी पाहुण्यांचा जाहीर सत्कार आणि त्यांच्या शिष्याचं वादन. मांडव, लाउडस्पीकर, सगळं. मी नको म्हणालो ते टाळ्यांत बुडालं.

माणसं गेल्यावर मी बसलो. हात धुतले, पाठ ताठ केली, धडा सातप्रमाणे. आणि धडा एकशे चार सुरू केला.

नाथाजी, सतरा वर्षं जे मनात वाजत होतं ते हे नव्हतं. भांड्यांची मांडणी कोसळावी तसं काहीतरी बाहेर आलं. मी थांबलो. पुन्हा वाजवलं. पुन्हा तसंच. धडा पन्नास घेतला, धडा दहा घेतला. सगळीकडे तेच. म्हैस दावं ओढायला लागली.

शेवटी छपरातून फळी आणली आणि पियानोला लावली. फळी फूटभर जास्त लांब! पट्ट्या मोजल्या, तेवढ्याच. म्हणजे प्रत्येक पट्टी रुंद.

केरबाला बोलावलं. म्हणालो, "मी नाडी दिली होती ना मापाला?"

तो म्हणाला, "व्हय की. त्याच मापानं केलं. सव्वा धरून."

"सव्वा कशाला?"

"आवं सुभेदार, नेमकं माप मढ्याचं घेत्यात. जित्या मान्साच्या वस्तूला सव्वा द्यायचा. माझ्या बापानं कवा कुनाला नेमकं दिलं न्हाई. तुमचा पाट सव्वा हाय, पाळना सव्वा हुता, ह्ये बी सव्वा केलं. वरचं लाकूड मी माझ्या पदरचं घातलं."

त्याला काय बोलणार? प्रेमानं केलं होतं. पण तू हिशेब बघ. फळीवर चार पट्ट्या ओलांडायला माझा हात जेवढा जातो, तेवढ्यात पियानोवर पाच ओलांडून होतात. चूक कुठंच नाही आणि सगळीकडे आहे. माझे हात बरोबर आहेत, नाथाजी. पियानो आखूड आहे.

पस्तीस दिवस राहिले.

आकाराम

---

लोणंद, १२ डिसेंबर १९७४

ती. दाजी,

तुमचं पत्र वाचून मी हसलो नाही, असं लिहिणार होतो. पण तुम्ही खोट्याला कंटाळला आहात, म्हणून खरं लिहितो. पोट धरून हसलो. मग हिशेब केला. सतरा वर्षं म्हणजे माझी अख्खी नोकरी.

पार्सलबाबू म्हणतो, बोटं आवळून वाजवा. मी म्हणतो, महिनाभरात हाताची सतरा वर्षांची सवय जाणार नाही. मिसेस डिक्रूझना विचारलं. त्यांनी छातीवर नुसती क्रॉसची खूण केली.

दाजी, आता थट्टा नाही. त्या माणसाला आधीच लिहा. तो मुंबईत पोचला की पत्र मिळेल. तो येऊन ऐकण्यापेक्षा आधी वाचलेलं बरं. मला यायचं होतं, पण अकरा तारखेला आमच्याकडे मोठ्या साहेबांची तपासणी आहे, रजा नाही.

नाथाजी

---

आष्टा, ३ जानेवारी १९७५

नाथा,

मी हरणाबाई बोलते आनि शेजारच्या तानुबाईची सून विजयमाला लिवती. ती म्हनती शुद्ध लिवते. मी म्हनलं शुद्ध लिवलंस तर माझ्या भावाला वाटंल दुसरंच कोन बोलतंय. जसं बोलते तसं लिव.

तुझं दाजी लय वाळल्यात. सकाळपासनं त्या पेटाऱ्याम्होरं बसत्यात. दोनी हाताला सुतळी बांधत्यात, हात लांब जाऊ न्हाई म्हनून. तरी बी हात जातुयाच. मग सुतळी तुटती आनि ह्ये कपाळाला हात लावत्यात. पत्र लिवायला घेत्यात, 'डीअर सर' लिवत्यात आनि फाडत्यात. 'डीअर सर'चा ढीग पडलाय, चुलीला हुतोय.

परवा म्हनालं, "हरणा, मी आटपाडीला जातो." मी म्हनलं, "कशाला?" तर म्हनालं, "देवरुश्याला म्हनावं, वारं परत घाल, म्हंजी पावन्याला सांगता यील मानूस आजारी हाय."

नाथा, मला त्यातलं काय कळत न्हाई. पर फळीवर वाजवताना मी ह्यांला चोरून बगितलंय, सतरा वर्सं. मला वारं वाटायचं त्ये खरं, पर त्या वक्ताला त्यांच्या तोंडावर जे दिसायचं त्ये माझ्या लग्नात बी दिसलं न्हवतं. विजयमाला म्हनती ह्ये लिवू नगा. मी म्हनलं लिव.

तुला रजा मिळत आसंल तर ये.

तुझी आक्का

---

आष्टा, १३ जानेवारी १९७५

प्रिय नाथाजी,

सोबत तिळगूळ आहे. आता सगळं क्रमानं सांगतो, कारण मला अजून खरं वाटत नाही.

ओइवा सांगलीहून एस.टी.नं आला. चाळीशी ओलांडलेला, इतका उंच की आमच्या दारात तीनदा डोकं आपटलं आणि तीनदा त्यानं चौकटीची माफी मागितली. मला बघताच त्यानं माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले, बैल घेताना बघतात तसे. जेवताना ठेचा भाजी समजून खाल्ला. तोंडातून आवाज नाही, डोळ्यांतून धारा. पाण्याचे दोन तांबे प्यायल्यावर म्हणाला, "इंटरेस्टिंग."

संध्याकाळी चारला मांडवात गाव लोटलं. ओइवाला फेटा, शाल, नारळ आणि पाच उसांची मोळी दिली. ती मोळी त्यानं सगळी भाषणं संपेपर्यंत खाली ठेवली नाही. नानासोंचं भाषण पन्नास मिनिटं झालं. फिनलंडमध्ये सहकारी साखर कारखाना निघालाच पाहिजे, अशी त्यांनी मागणी केली आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मग म्हणाले, "आता सुभेदार वाजवतील."

मी उठलो. पियानोपुढं बसलो. मी धडा एकशे चार वाजवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सूर जागेवर पडला नाही. संपलं. आणि गावानं अशा टाळ्या वाजवल्या की मांडवाचा एक खांब हलला. परदेशी संगीत असंच असतं, असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं. केरबा ओरडला, "वन्स मोर!"

ओइवा माझ्या मागे उभा होता. वळून बघायची हिंमत होईना. तो वाकला आणि हळू इंग्रजीत म्हणाला, "तू चुकत नाहीस. प्रत्येक वेळी सारखाच पुढे पडतोस. आकाराम, हा तुझा पियानो नाही. तुझा पियानो कुठं आहे?"

मी उभा राहिलो, टाचा जुळवल्या आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याला म्हणालो, "नो सर. पियानो नाही, सर. कधीच नव्हता."

इंग्रजी कुणाला कळलं नाही, पण 'नो' आणि 'पियानो' सगळ्यांना कळलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं तुझी आक्का उठली आणि माईकची गरज पडू नये अशा आवाजात म्हणाली, "आवं पावनं, हे फळीवर लय ब्येस वाजवत्यात!" आणि तरातरा जाऊन ती आणि तानुबाई फळी घेऊनच आल्या. वैरणीची पानं लागलेली होती. दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली, पदरानं पुसली.

ओइवा त्या फळीकडे किती वेळ बघत राहिला! पट्ट्यांवरचा रंग जिथं जिथं माझ्या बोटांनी उडाला आहे तिथं तिथं त्यानं बोट ठेवलं. तिसऱ्या बोटाखालचं लाकूड झिजलं आहे, तिथं थांबला. केरबा घाईघाईनं त्याला सांगत होता, "सव्वा हाय बरं का साहेब, लाकूड माझ्या पदरचं." मी भाषांतर केलं. ओइवानं त्याला वाकून नमस्कार केला.

मग मला म्हणाला, "वाजव."

मी फळीपुढं बसलो. धडा एकशे चार सुरू केला. ओइवानं खुर्ची ओढली, पियानोशी बसला, माझ्याकडं तोंड केलं आणि माझ्या हातांकडे बघत, माझी बोटं जे करतील ते तो पियानोवर वाजवायला लागला. मी हळू झालो की तो हळू. मी एका ठिकाणी नेहमी अडखळतो, तिथं तोही अडखळला.

नाथाजी, ते माझं होतं. मनात वाजायचं तेच, तसंच, पण बाहेर. मला माझं ऐकू आलं. मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस चारशे लोकांपुढे रडत होतो आणि हात चालू होते. लोकांना मात्र वाटलं की आवाज फळीतूनच येतोय. नानासो वाकून फळीखाली बघून आले.

संपल्यावर मी खाली मान घालून म्हणालो, "सर, मी तुम्हाला सतरा वर्षं खोटं लिहिलं."

त्यानं आपले दोन्ही हात पालथे करून मांडीवर ठेवले. मग सांगितलं. सत्तर साली हेलसिंकीत भरल्या सभागृहात वाजवता वाजवता त्याचे हात थांबले. आजार नाही, काही नाही. स्वतःच्या हातांकडं बघितलं आणि ते परके वाटले. उठून निघून गेला. तेव्हापासून चार वर्षं लोकांपुढं एक सूर वाजवला नव्हता. जलशांबद्दल लिहायचा नाही ते यामुळं. आणि मी इकडे त्याच्या नम्रपणाचं कौतुक करत बसलो होतो. म्हणाला, "आज मी तुझ्या हातांकडं बघत होतो. माझ्या हातांची आठवण राहिली नाही. तू खोटं लिहिलंस, मी खरं लिहिलं नाही. विद्यार्थी तू माझाच आहेस. तिसरं बोट उशिरा येतं, ते सुधार."

आज सकाळी तो गेला. मोळी बरोबर नेली आहे. पाच ऊस विमानात चालतील का, हे मी त्याला विचारलं नाही.

आकाराम

---

लोणंद, २० जानेवारी १९७५

ती. दाजी,

तुमचं पत्र पार्सलबाबूला वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच मला वाचवेना. बाकीचं त्यानं वाचलं, मग त्यालाही वाचवेना. शेवट आम्हाला हमालांच्या मुकादमानं वाचून दाखवला. फेरतपासणीला आलेले साहेब मागं उभे आहेत हे कुणालाच कळलं नाही. साहेबांनी विचारलं, "पुढं काय झालं?" म्हणून नोकरी वाचली.

मिसेस डिक्रूझना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पियानो ईस्टरला आणू नका. व्हरांड्यात त्या जागी आता शिवणयंत्र ठेवलंय. पण खरं कारण ते नाही, त्यांचे डोळे भरले होते आणि यंदा घरात कांदा नव्हता.

नाथाजी

---

आष्टा, १६ एप्रिल १९७५

प्रिय नाथाजी,

आनंदाची बातमी आहे आणि थोडी फजितीची आहे. दोन्ही एकत्रच झाल्या.

ओइवाचं पत्र मार्चमध्ये आलं होतं. बारा एप्रिलला, शनिवारी, हेलसिंकीत पुन्हा वाजवणार, त्याच सभागृहात. लिहिलं होतं, 'मला भीती वाटते. हे मी फक्त तुलाच लिहितो आहे.' मी उलट टपाली काय लिहिणार? त्याला धीर देण्याइतकं इंग्रजी मला येत नाही. एवढंच लिहिलं की सर, मलाही तुमच्यापुढं वाजवताना भीती वाटली होती, आणि माझं तर खरोखरच चुकलं होतं.

बारा तारीख गेली. रविवार गेला. हात थांबले असतील तर तो मला कळवणार नाही, हे मी ओळखून होतो. माझ्यापेक्षा मोठा लपवणारा आहे तो.

काल दुपारी तारवाला आला. तुला माहीत आहे, आपल्याकडे तार आली म्हणजे कुणीतरी गेलं. सायकल आमच्या दारात टेकली तेवढ्यात तानुबाईनं पदर तोंडाला लावला. मी पाकीट फोडायच्या आत तुझ्या आक्कानं हंबरडा फोडला, कारण तुझी दोन आठवड्यांत चिठ्ठी नव्हती. शेजारच्या बायका धावत आल्या. केरबा सुतार मापाची दोरी घेऊनच आला. हा माणूस त्या वेळीही काय माप घेणार होता, कुणास ठाऊक.

मी तार वाचली. इंग्रजीत होती, तुला मराठीत लिहितो:

'शेवटपर्यंत वाजवलं. सगळा वेळ तुझेच हात बघत होतो. ओइवा.'

मी दोनदा वाचली आणि उंबऱ्यावर खाली बसलो. मला रडू आवरेना. ते बघून बायकांची खात्रीच पटली. तानुबाई सुरात आळवून रडायला लागली, "आरं माझ्या लांबच्या पावन्या रं, ठेचा खाऊन गेलास रं..." कुणीतरी गवऱ्या आणायला निघालं.

मी ओरडलो, "आगं गप बसा! मेला न्हाई त्यो! वाजीवलं त्यानं! समदं वाजीवलं!"

तुझ्या आक्कानं डोळे पुसले आणि विचारलं, "मग तुमी का रडताय?"

तारवाला अजून सहीसाठी थांबला होता, त्याला पाणी द्यायला सांगितलं. आक्का माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसली, तार हातात घेतली, तिला न येणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "रडा, रडा. आता आमी समदी हायच जमलेली."

आकाराम